नोकरीबाहेरचे उत्पन्न उभे करून मराठवाड्यात परतणे: क्रम, हिशेब आणि अडचणी

गोदाकाठ:

परभणी, नांदेड, लातूर, धाराशिव अशा ठिकाणी शिकून पुण्याला गेलेल्या आणि तिथल्या कंपन्यांत स्थिरावलेल्या आमच्या पिढीपुढचा एक प्रश्न सविस्तर मांडावा, असे बरेच दिवस मनात होते. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो. आई-वडील परभणी जिल्ह्यात गावी असतात, शेती कोरडवाहू आहे, आणि सोयाबीन पदरात पडणार की नाही हे दर वर्षी पाऊसच ठरवतो. नोकरी सोडून परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसण्याची मला हौस नाही. वर्षातला बराचसा काळ परभणीत, आई-वडिलांजवळ राहता यावे आणि कधी चार महिने दुसरीकडे जावेसे वाटले तर कोणाची परवानगी मागावी लागू नये, एवढ्यासाठी लागणारे उत्पन्न मला उभे करायचे आहे.

कंपनीने घरून काम करण्याची दिलेली सवलत मी या हिशेबात धरत नाही. २०२० नंतर अनेकांनी गावाकडचे घर दुरुस्त केले, फायबरची जोडणी घेतली, मुलांच्या शाळा बदलल्या, आणि पुढे एका ईमेलने सर्वांना पुन्हा कार्यालयात बोलावले गेले. जी सवलत देणाऱ्याला एका ओळीत काढून घेता येते, तिच्या भरवशावर घर हलवणे मला योग्य वाटत नाही. त्यामुळे आधी उत्पन्न एका मालकापासून मोकळे करायचे आणि ठिकाण त्यानंतर बदलायचे, असा क्रम मी मनाशी धरला आहे.

मला तीन बाबतींत जाणकारांचे मत हवे आहे. पहिले काम कुठून मिळवावे? नोकरी सोडण्यापूर्वी किती रक्कम बाजूला असावी? आणि कर, विमा, भविष्य निर्वाह निधी यांची व्यवस्था कशी लावावी? कृपया प्रत्यक्ष अनुभवातून लिहावे. 'निष्क्रिय उत्पन्ना'चे अभ्यासक्रम विकणाऱ्यांचे सल्ले मी पुरेसे ऐकले आहेत.

मांजरातीर:

गोदाकाठ, मी लातुरात राहून सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी तांत्रिक लेखन करते. तुमचा क्रम बरोबर आहे. मात्र त्यातील पहिल्या पायरीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

'मी सॉफ्टवेअर चाचणी करतो' एवढ्या ओळखीवर स्वतंत्र काम मिळणे फार कठीण आहे. नोकरीत ती ओळख चालते, कारण कंपनी तुमच्यासाठी काम शोधून आणते. स्वतंत्र व्यवसायात समोरच्याला नेमकी कोणती अडचण आहे आणि ती तुम्ही किती दिवसांत सोडवाल, हे दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. उदाहरणार्थ, ज्या लहान कंपन्यांकडे चाचणीचा स्वतंत्र विभाग नाही आणि ज्यांच्या अ‍ॅपमधून पैशांचे व्यवहार होतात, त्यांच्या प्रत्येक नव्या आवृत्तीची चाचणी ठरलेल्या मुदतीत करून देणे, हे विकता येण्याजोगे काम आहे. अशा कंपन्यांत दर महिन्याला काहीतरी बदलतच असते, त्यामुळे काम पुन्हा पुन्हा निघते आणि मासिक मानधनाचा करार करता येतो. स्वतंत्र व्यवसायाला स्थैर्य येते ते अशा आवर्ती कामामुळे. एकेक सुटे काम शोधत राहिल्यास अर्धा महिना शोधण्यातच जातो.

ग्राहक कोठून येतात, तर बहुधा ओळखीतून. तुमच्याबरोबर काम केलेले आणि आता दुसऱ्या कंपन्यांत गेलेले सहकारी हा तुमचा खरा बाजार आहे, कारण त्यांनी तुमचे काम पाहिलेले असते. फ्रीलान्स संकेतस्थळांवर सुरुवातीचे अभिप्राय मिळवण्यापुरते अवश्य जावे. परंतु तिथे टक्केवारी कापली जाते आणि स्पर्धा दरावर चालते, म्हणून कायमचे तिथेच राहू नये.

आता ज्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे ते सांगते. परदेशातील एक ग्राहक मिळतो, तो दरमहा पगाराइतके किंवा त्याहून अधिक पैसे देतो, आणि माणूस स्वतःला स्वतंत्र समजू लागतो. वास्तविक ती नोकरीच असते. फक्त तिच्यात भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही आणि पुष्कळदा नोटीस पीरियडही नाही. माझ्या परिचयातील दोघींचे असे एकमेव काम एका आठवड्याच्या सूचनेवर बंद झाले. म्हणून कोणत्याही एका ग्राहकाकडून एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम येऊ द्यायची नाही, असा नियम मी स्वतःपुरता पाळते. तो पाळताना कधी कधी चांगले काम नाकारावे लागते, आणि तरीही मी तो मोडत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सरधोपट भाषांतर, साधे लेखन आणि हाताने करायची ठरावीक चाचणी यांचे दर खाली आले आहेत, हे मी रोज अनुभवते. टिकून आहे ते जबाबदारीचे काम. 'ही आवृत्ती लोकांपर्यंत सोडायला हरकत नाही' असे लेखी सांगणारा आणि त्यामागे उभा राहणारा माणूस लागतोच, आणि तुमच्या व्यवसायात ही जागा स्पष्टपणे उपलब्ध आहे.

व्यवस्थेविषयी थोडेसे. रस्त्याचे काम निघाले की फायबर तुटते, म्हणून दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची आणि शक्यतो बिनतारी ठेवावी. उन्हाळ्याच्या अखेरीस वळीव आला की वीज जाते, त्यामुळे राउटरलाही इन्व्हर्टरची जोड द्यावी. घर स्वतःचे असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरील संचासाठी ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान मिळते; पण बॅटरी नसलेला साधा संच ग्रीडची वीज गेल्यावर आपोआप बंद होतो, हे ध्यानात घेऊनच तो निर्णय करावा. कामाच्या वेळेचाही विचार हवा. युरोपातील ग्राहकांशी दुपारनंतर संध्याकाळपर्यंत सहज बोलता येते. न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ ते साडेदहा तास असल्याने तिथल्या ग्राहकांच्या बैठका रात्री येतात, आणि गावी परत येऊन रात्रपाळीच करायची असेल तर आई-वडिलांजवळ राहण्याचा हेतू साधत नाही.

शेवटी स्त्रियांसाठी एक. घरून काम करणारी सून किंवा मुलगी ही घरच्यांच्या दृष्टीने मोकळीच असते. लातुरात विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका पुष्कळ आहेत, पण तिथे फोनवर बोलता येत नाही. मी घराजवळच एक खोली भाड्याने घेतली आणि ठरलेल्या वेळी बाहेर पडू लागले, तेव्हापासून माझ्या कामाला घरात काम म्हणून मान मिळू लागला.

बालाघाट:

मी अंबाजोगाईचा असून बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे. गोदाकाठ, तुमच्या वडिलांच्या वयाचा माणूस म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, हा सर्वत्र सांगितला जाणारा आकडा आपल्याकडच्या कुटुंबांना अपुरा आहे. शहरी, दोघेही नोकरी करणाऱ्या घरात एका वेळी एकच संकट येण्याची शक्यता अधिक असते. कोरडवाहू शेती असलेल्या घरात दुष्काळाचे वर्ष, ग्राहक सुटणे आणि वडिलांचे आजारपण या तिन्ही गोष्टी एकाच हंगामात येऊ शकतात. १९७२ चा दुष्काळ मी पाहिला आहे, आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तो काळ तर तुम्हीही पाहिला असेल. अशा प्रदेशात पगार हाच घराचा पीकविमा असतो. तो थांबवण्यापूर्वी स्वतःचा आणि गावाकडच्या घराचा मिळून दीड वर्षाचा खर्च हाताशी असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बियाणे-खतांचा खर्च त्यात धरावा. बोअरची दुरुस्तीही विसरू नये.

काही जण वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम साठवली की कायमचे मोकळे, असे सांगतात. तो ठोकताळा १९९४ साली अमेरिकेतील शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकडेवारीवरून, साधारण तीस वर्षांच्या निवृत्तिकाळासाठी मांडला गेला होता. पस्तिशीतील माणसाला, आपल्याकडच्या महागाईत, तो जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे आहे. शिवाय तुम्हाला काम थांबवायचे नसून काम बदलायचे आहे, त्यामुळे तेवढ्या मोठ्या रकमेची वाट पाहण्याचे कारणही नाही.

भविष्य निर्वाह निधी काढू नका. नोकरी सुटल्यावरही त्या खात्यात व्याज जमा होत राहते. मात्र नोकरी सुटल्यानंतरच्या काळातील व्याज करपात्र धरले जाते. या निधीला जोडलेल्या निवृत्तिवेतन योजनेतील पात्र सेवा दहा वर्षे पूर्ण झाली असेल तर पुढे निवृत्तिवेतनाचा हक्क राहतो, आणि दहाला थोडेच महिने कमी असतील तर थांबण्यात शहाणपणा आहे. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, तेव्हा ती तारीखही पाहून घ्यावी.

आरोग्य विमा मात्र राजीनाम्याच्या आधीच घ्या. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. वैयक्तिक विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, आणि आई-वडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ही तीन वर्षे नोकरीत असतानाच मोजायला सुरुवात झालेली बरी. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून राहिलेला नाही. घराचे कर्ज घ्यायचे मनात असेल तर तेही पगार चालू असताना मंजूर करून घेणे सोपे जाते, कारण व्यवसायिकाकडून बँक साधारणपणे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. परंतु कर्ज मिळते म्हणून घेऊ नका. हप्ता जितका मोठा, तितकी नोकरी सोडण्याची तारीख पुढे जाते.

वाळूजकर:

मी छत्रपती संभाजीनगरात यंत्रभागांची संगणकीय रेखाटने आणि जिग-फिक्श्चरचे, म्हणजे काम चालू असताना भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनांचे, आराखडे करून देतो. वर सगळी चर्चा परदेशी ग्राहकांची झाली, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील लहान कारखान्यांना पूर्ण वेळ आराखडाकार परवडत नाही, पण महिन्यातून आठ-दहा दिवसांचे काम त्यांच्याकडे नेहमी असते. माझे पहिले चारही ग्राहक इथलेच होते. त्यांच्याकडे प्रत्यक्ष जाऊन, मशीनजवळ उभे राहून अडचण समजून घेतल्यामुळे जो विश्वास बसला, त्यावर आज मी महिना-दोन महिने दुसऱ्या गावी असलो तरी काम चालते. आधी जवळ राहून विश्वास मिळवावा लागतो आणि त्यातून दूर राहण्याची मोकळीक मिळते, असा माझा अनुभव आहे. जालना आणि नांदेडकडच्या मंडळींनाही हे जमण्यासारखे आहे. समृद्धी महामार्ग झाला, वंदे भारत नांदेडपर्यंत आली, त्यामुळे ग्राहकाकडे महिन्यातून एकदा जाऊन येणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

देशी ग्राहकांची मुख्य अडचण उधारीची आहे. नव्वद दिवस, कधी त्याहून जास्त. त्यावर माझे दोन उपाय आहेत. नव्या ग्राहकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मी काम सुरू करत नाही, आणि उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक प्रत्येक बिलावर छापतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. नोंदणीला शुल्क नाही. तक्रार करण्याची वेळ क्वचितच येते, पण बिलावरचा तो क्रमांक पाहून हिशेबनीस आपले बिल वरच्या गठ्ठ्यात ठेवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तेरणाकन्या:

मला वस्तूंच्या विक्रीविषयी थोडक्यात सांगायचे आहे, कारण 'गावी जाऊन काहीतरी विकू' असा विचार अनेकांच्या मनात असतो. कुंथलगिरीचा खवा, बोरसुरीची तूरडाळ, वसमतची हळद, पानचिंचोलीची चिंच यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि मागणीही आहे. मी धाराशिवहून डाळी आणि हळद पाठवते. उलाढाल लहान असेल तर अन्नसुरक्षेची मूलभूत नोंदणी पुरते आणि तिचा खर्च नाममात्र आहे. व्यवसाय चांगला आहे, मला तो आवडतो; परंतु तो ठिकाणमुक्त नाही. माल पाहणे, वाळवणे, निवडणे, भरणे हे सारे जागेवर उभे राहून करावे लागते. तूर बाजारात येते त्या काळात मी गाव सोडू शकत नाही. ज्यांना गावात राहायचे आहे त्यांनी हा मार्ग जरूर घ्यावा. ज्यांना कुठेही राहायचे आहे त्यांनी सेवा विकाव्यात.

नांदेडचा सीए:

करांविषयी अनेक गैरसमज आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, तेव्हा निर्णयापूर्वी आपापल्या सल्लागाराला कागदपत्रे दाखवावीत.

ठरावीक व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची तरतूद आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४एडीए म्हणून ओळखली जात असे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, परंतु तरतुदीचे स्वरूप तेच आहे. वर्षाच्या एकूण जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली की खर्चाच्या पावत्या आणि हिशेबाची पुस्तके ठेवण्याचे बंधन राहत नाही. जमेची मर्यादा ५० लाखांची आहे, आणि रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर ती ७५ लाखांपर्यंत जाते. माहिती तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, वास्तुरचना, लेखा, वैद्यक, वकिली हे व्यवसाय त्यात येतात. सर्वच प्रकारचे लेखन किंवा जाहिरातीचे काम त्यात येते असे गृहीत धरू नये. मांजरातीर यांनीही आपले काम नेमके कशात मोडते हे एकदा तपासून घ्यावे.

पगारात कर आपोआप कापला जात होता, तो आता स्वतः भरायचा असतो, आणि पहिल्या वर्षी अनेकांची ओढाताण इथेच होते. अनुमानित योजनेत संपूर्ण अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो. इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना टप्प्याटप्प्याने भरावा लागतो. प्रत्येक बिलाची रक्कम जमा झाली की त्यातील ठरलेला हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा आणि त्याला हात लावू नये. देशी कंपन्या व्यावसायिक सेवांच्या बिलातून सामान्यतः दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, कापतात. ती कपात वार्षिक विवरणात दिसते का, हे दर तिमाहीला पाहावे.

जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर बंधनकारक होते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा कायद्यातील अटी पूर्ण करत असेल तर निर्यात ठरते आणि तिच्यावर शून्य दर लागतो. मात्र नोंदणी झालेली असल्यास दर आर्थिक वर्षी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दाखल करावे लागते. पैसे बँकेमार्फत परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेची मुभा असेल तिथे रुपयांत, आले पाहिजेत, आणि प्रत्येक रकमेमागे बँकेचा विदेशी जमेचा दाखला जपून ठेवावा. ओळखीच्या कोणाच्या खात्यावर परदेशातून रक्कम मागवून ती नंतर घेणे, हा प्रकार कदापि करू नये.

गोदाकाठ:

सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. बालाघाट काका, आपण म्हणता तो गावाकडच्या घराचा खर्च माझ्या हिशेबात नव्हता. तो धरल्यावर माझी तारीख साधारण दीड वर्ष पुढे जाते, आणि ते मला मान्य आहे. या काळात आई-वडिलांचा विमा लगेच घेणार आहे आणि मांजरातीर ताईंनी सांगितल्याप्रमाणे पैशांचे व्यवहार असलेल्या अ‍ॅपच्या चाचणीपुरते स्वतःला मर्यादित करणार आहे.

एक प्रश्न उरतो. नोकरीत असतानाच संध्याकाळी एखाद्या ग्राहकाचे काम सुरू करावे का? नियुक्तीपत्रात 'कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय अन्य कोणताही व्यवसाय करू नये' असे कलम आहे, आणि सोडल्यानंतर वर्षभर स्पर्धक किंवा ग्राहक कंपनीसाठी काम करू नये, असेही आहे.

नांदेडचा सीए:

ही दोन कलमे वेगवेगळी समजून घ्यावीत. नोकरी चालू असताना दुसरे काम न करण्याची अट कंपनीला घालता येते, आणि ती मोडल्यास कामावरून काढले जाऊ शकते. २०२२ साली एका मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपनीने याच कारणावरून तीनशे जणांना काढल्याचे जाहीर केले होते. नोकरी सोडल्यानंतरच्या बंदीची गोष्ट निराळी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार सामान्यतः अवैध ठरतो. तथापि कंपनीची गोपनीय माहिती वापरणे किंवा तिचे ग्राहक ओढून घेणे यांवर कारवाई होऊ शकते, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनीच असते, तेव्हा चाचणीच्या ज्या स्क्रिप्ट तुम्ही तिथे लिहिल्या त्या सोबत नेता येणार नाहीत. लेखी परवानगी मागून पाहावी. शिकवणे किंवा लेखन यांसाठी काही कंपन्या ती देतात.

मांजरातीर:

परवानगी मिळाली नाही, तरी हे दीड वर्ष वाया जाणार नाही. पैसे न घेता मुक्त स्रोत (ओपन सोर्स), म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा, प्रकल्पांत चाचणीचे काम करता येते. तेही स्वतःच्या लॅपटॉपवर आणि स्वतःच्या वेळेत करावे, आणि नियुक्तीपत्रातील कलमात त्याला मज्जाव नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. तिथले काम सर्वांना दिसते, त्यामुळे तोच तुमचा नमुना ठरतो. त्याबरोबरच जुन्या सहकाऱ्यांची यादी करून कोण कोणत्या कंपनीत आहे आणि तिथे चाचणी कोण करते, एवढी माहिती जमवायला घ्या. काम आताच मागू नका. राजीनामा दिल्यानंतर नोटीस पीरियडमध्ये त्या यादीतील प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहा. पत्राचा मसुदा तयार झाला की येथे टाका, मी वाचून सूचना करीन.